जुनी गाडी व नवें इंजिन

‘जुनें तें सोनें’ असें म्हणणारे आणि ‘काळाप्रमाणें बदलावें’ असें म्हणणारे, या दोन पक्षांचा वाद आपल्या समाजांत फार दिवसांपासून चालत आलेला आहे. शिक्षण, पोशाख, घरबांधणी, शेती इत्यादि विषयांत हा वाद आमच्या वाचकांनीं पुष्कळदां ऐकला असेल. आज तोच वाद आम्ही एका निराळ्या व वरवर पाहतां क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाच्या संबंधांत मांडणार आहों. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं घडविलेली एखादी सुरेख, दोन आसनांची, केवळ वेगासाठींच जन्मास आलेली मोटार, जिला सारें जग ‘स्पोर्ट्स कार’ या नांवानें ओळखतें, ती जर आज कोणाच्या हातीं आली, तर त्यानें ती जशीच्या तशी राखावी, कीं तिच्यांत आजकालचें जोरदार इंजिन, आजकालच्या स्प्रिंगा व आजकालचे शॉक-ॲब्सॉर्बर बसवून तिला दुसरें तारुण्य द्यावें, हा तो प्रश्न होय.

कोणी म्हणेल कीं, कारंज्यासारख्या कापसाच्या गांवीं अशा शौकाच्या मोटारी आहेत कोठें, कीं त्यांची चिंता शाळेच्या वार्षिकानें वहावी? आक्षेप रास्त दिसतो खरा. परंतु येथें प्रश्न गाडीच्या किंमतीचा नसून तत्त्वाचा आहे. ज्यांच्या दारीं मोटार नाहीं त्यांच्या दारीं जुनी जीप असेल, जुनी मोटारसायकल असेल, निदान वडिलोपार्जित बैलबंडी तरी असेल. कोणत्याही वाहनाचा एक अवयव बदलला म्हणजे बाकीच्या अवयवांवर त्याचा काय परिणाम होतो, हें न समजतां जो त्यांत हात घालतो, त्याचें नुकसान ठरलेलेंच आहे. शिवाय आतां समृद्धि महामार्ग आमच्या गांवाजवळून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ता. ११ डिसेंबर १९२२ रोजीं नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, ता. ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. म्हणजे ज्या काळांत आमच्या लहान रेल्वेवर वाफेचें इंजिन रुजूं होत होतें, त्यानंतर सुमारें एका शतकानें आमच्या शेजारीं मोटारींना ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा मिळाली. अशा रस्त्यावर जुन्या अंगाची व नव्या जोराची गाडी घेऊन जाण्याचा मोह कोणाही तरुणास पडावा असाच आहे. म्हणून या विषयाचा विचार येथेंच व आतांच होणें अगत्याचें आहे.

आमच्या वऱ्हाडांतील बैलबंडीपासूनच आरंभ करूं. जुन्या बंडीचें चाक लांकडाचें. मध्यें तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आणि बाहेरून लोखंडी धाव. पुढें रबरी टायरांचीं व बेअरिंगचीं चाकें आलीं. या चाकांनीं बैलांचे श्रम हलके झाले, रस्ते कमी उखडूं लागले, आणि तेवढ्याच जोडीला अधिक ओझें ओढतां येऊं लागलें. ही सुधारणा कोण नाकारील? परंतु तिच्याबरोबर येणारी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत आली नाहीं. लोखंडी धावेची बंडी जड चालत होती, म्हणून उतारावर ती पुष्कळशी आपोआप आवरलीही जात होती. टायरची बंडी सहज चालते, म्हणून उतारावर ती सहज सुटतेही. जेथें ब्रेक बसविलेला नाहीं, तेथें त्या वाढलेल्या ओझ्याचा सारा रेटा बैलांच्या मानेवर येतो. चालण्याचें साधन सुधारलें, पण थांबण्याचें साधन सुधारलें नाहीं, म्हणजे काय होतें, हें त्या मुक्या जनावरांस विचारावें. मोटारीच्या संबंधांतील अर्धें अधिक शहाणपण या एका उदाहरणांत सांठविलेलें आहे.

दुसरें उदाहरण आमच्या स्टेशनावरचें आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरांची व मूर्तिजापूर ते अचलपूर ही ७६ किलोमीटरांची, अशा दोन शाखांची जी ‘शकुंतला’ रेल्वे, तिच्या यवतमाळ शाखेवर आमचें कारंजा गांव आहे. किलिक-निक्सन या इंग्रजी पेढीनें इ. स. १९१० सालीं स्थापिलेल्या कंपनीचा हा मार्ग. त्याच्या दोन रुळांतील अंतर अवघें ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापुरास मोठ्या गाडीपर्यंत पोंचवावा, तेथून तो मुंबईस व मुंबईहून विलायतेच्या गिरण्यांस जावा, हा त्याचा हेतु होता. या गाडीस ओढणारें वाफेचें इंजिन इ. स. १९२१ सालीं मँचेस्टर येथें तयार झालें व इ. स. १९२३ पासून या मार्गावर राबूं लागलें. आमचा कापूस मँचेस्टरकडे गेला, आणि त्या कापसास वाहण्याकरितां मँचेस्टरचें इंजिन आमच्याकडे आलें! सत्तर वर्षें इमानानें चाकरी करून हें इंजिन ता. १५ एप्रिल १९९४ रोजीं निवृत्त झालें, व त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन जोडण्यांत आलें.

म्हणजे, जुन्या गाडीस नवें इंजिन लावण्याचा प्रयोग आमच्या गांवानें प्रत्यक्ष पाहिलेला आहे. त्याचें फळ काय झालें? एका अंगानें पाहिलें तर तें चांगलें झालें. कोळसा व पाणी यांची यातायात संपली. भट्टी पेटवून वाफ धरेपर्यंत ताटकळत बसणें संपलें. आणि गाडी आणखी वीस वर्षांहून अधिक काळ गोरगरिबांच्या उपयोगीं पडली. इ. स. १९९४ सालीं कोणी ‘वाफेचेंच इंजिन पाहिजे’ असा हट्ट धरला असता, तर शकुंतलेची फेरी बहुधा तेव्हांच थांबली असती. तेव्हां त्या नव्या इंजिनास नांवें ठेवणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु दुसऱ्या अंगानें पाहतां, इंजिन बदललें तरी त्याच्या खालचा मार्ग जुनाच राहिला. अचलपूर शाखेचे ७६ किलोमीटर तोडावयास सुमारें ४ तास लागत. म्हणजे वेग ताशीं १९ किलोमीटरांचा, चांगल्या सायकलस्वारानें गांठावा इतकाच! इंजिनाच्या अंगांत बळ होतें, पण रुळांना तें सोसवत नव्हतें. त्यांतच मालकीची अडचण. इ. स. १९५१ सालीं देशांतील बहुतेक रेल्वे सरकारच्या छत्राखालीं आल्या, तरी हा मार्ग खाजगी मालकीचाच राहिला. घराचा धनी एक व राहणारा दुसरा असला, म्हणजे गळकें छप्पर कोणीं शाकारावें याचा निकाल लागत नाहीं; तशांतलाच हा प्रकार झाला, असें आम्हांस वाटतें. इ. स. २०१६ च्या सुमारास मार्ग रुंदमापी करण्यास मंजुरी मिळाली, आणि इ. स. २०२० पर्यंत दोन्ही शाखांवरील जुन्या गाड्या थांबलेल्या होत्या. वाचकांनीं यांतून इतकेंच घ्यावें कीं, इंजिन हा वाहनाचा एक अवयव आहे, सर्वस्व नव्हे. आणि एका अवयवाचें तारुण्य दुसऱ्याचें वार्धक्य झांकूं शकत नाहीं.

तिसरें उदाहरण मुंबईचें. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें इ. स. १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा मोटारींचा कारखाना कुर्ला येथें होता. इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची जी आवृत्ति पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें घरोघर माहीत झाली, ती येथलीच. तिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें. याच कारखान्यानें इ. स. १९८५ सालीं ‘११८ एन्. ई.’ नांवाची मोटार काढली. तिचें धड इटलीच्या फियाट १२४ या इ. स. १९६६ सालच्या मोटारीचें, व हृदय मात्र जपानच्या निस्सान कंपनीचें, ११७१ घनसेंटिमीटरांचें. नांवांतील ‘एन्. ई.’ हीं अक्षरेंसुद्धां त्या निस्सानच्या इंजिनाचींच निदर्शक होत. इटलीच्या धडांत जपानचें हृदय घालून मुंबईच्या कामगारांनीं ती गाडी रस्त्यावर आणली, आणि ती रस्त्यावर चांगली चाललीही. हें कसें साधलें? एक तर कारखान्यानें इंजिनाबरोबर त्याला साजेशी गिअरपेटीही निस्सानचीच घेतली. आणि दुसरें असें कीं, तें इंजिन धडाच्या मानानें बेतशीर होतें. पूर्वीं त्या धडास जें बळ सोसत होतें, त्याच्या आसपासचेंच बळ त्यास देण्यांत आलें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण संसारास जितकी लागू तितकीच यंत्रासही लागू आहे.

आतां प्रत्यक्ष शौकाच्या मोटारीकडे वळूं. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें इ. स. १९६२ पासून १९८० पर्यंत ‘एम्. जी. बी.’ नांवाची छोटी वेगवान मोटार तयार होत असे. तिचें इंजिन चार नळकांड्यांचें, १७९८ घनसेंटिमीटरांचें व बिडाचें. केन कॉस्टेलो नांवाच्या एका कारागिरानें या मोटारींत रोव्हर कंपनीचें आठ नळकांड्यांचें, ३५२८ घनसेंटिमीटरांचें इंजिन बसवून दाखविलें. पुढें कारखान्यानेंही तोच मार्ग धरला व इ. स. १९७३ ते १९७६ या काळांत तशा २५९१ मोटारी स्वतः बनविल्या. इंजिन आकारानें जवळजवळ दुप्पट झालें, तरी गाडी डोईजड झाली नाहीं. याचें रहस्य त्या इंजिनाच्या धातूंत आहे. तें ॲल्युमिनियमचें असल्यानें त्याचें वजन जुन्या बिडाच्या इंजिनाच्या जवळपासच राहिलें. तरीसुद्धां कारखान्यानें तेवढ्यावर समाधान मानिलें नाहीं. ब्रेकच्या तबकड्या अधिक जाड केल्या, स्प्रिंगा अधिक बळकट घातल्या. ज्यांनीं मूळ मोटार घडविली त्यांनाच जर नव्या इंजिनाबरोबर इतकी सावधगिरी घ्यावी लागली, तर गांवच्या आळींत चार अवजारांवर काम करणाऱ्यानें किती घ्यावी, हें सांगावयास नकोच.

हें असें कां होतें, याचा थोडा शास्त्रीय विचार करणें जरूर आहे. आणि तो आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस अवघड वाटूं नये. चालत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें ते पुस्तकांत शिकतातच. ताशीं ६० किलोमीटरांनीं जाणारी गाडी १२० किलोमीटरांनीं जाऊं लागली, तर वेग दुप्पट होतो, परंतु ऊर्जा चौपट होते. ही चौपट ऊर्जा जिरविण्याचें काम ब्रेकांचें. आणि ब्रेकांचा जोर जर पूर्वींइतकाच राहिला, तर थांबावयास अंतरही चौपट लागतें. जुन्या मोटारींच्या ब्रेकांत ढोलासारख्या बंद डब्यांत पट्टे दाबले जातात; त्यांत उत्पन्न झालेली उष्णता लवकर बाहेर पडत नाहीं, व घाटाच्या उतारावर वारंवार दाबल्यास त्यांची पकड ढिली पडते. आजकालच्या मोटारींत तबकडी उघड्या हवेंत फिरते, म्हणून ती लवकर थंड होते. तेव्हां ज्यास नवें इंजिन घालावयाचें आहे, त्यानें आधीं नवे ब्रेक घालावे, हें गणितच सांगतें. त्यास कोणा पंडिताच्या साक्षीची गरज नाहीं.

ब्रेकांपासून पुढें साखळी लांबतच जाते. अधिक जोर आला म्हणजे क्लच, गिअरपेटी व मागील आंस यांवर ताण येतो. अधिक उष्णता झाली म्हणजे जुना रेडिएटर पुरत नाहीं. आणि आमच्या वैशाखांतील ऊन तर विलायतेच्या कारागिरानें स्वप्नांतही पाहिलेलें नसतें. पुढील बाजूस जड इंजिन बसविलें तर गाडीचा तोल पुढें जातो, सुकाणूं जड होतें व वळणावर गाडी ऐकेनाशी होते. ‘नाकापेक्षां मोतीं जड’ म्हणतात तें हेंच. एखादा भाग बदलणें म्हणजे एका प्रश्नाचें उत्तर देणें नव्हे. तें दहा नवे प्रश्न विचारणें होय. जो त्या दहांची उत्तरें अगोदर तयार ठेवतो, तोच खरा कारागीर.

स्प्रिंगांचीही कथा अशीच आहे. जुन्या गाड्यांच्या मागील आंसास बहुधा पोलादी पाटे असत. हे पाटे गाडीचें ओझें तर तोलतातच, शिवाय आंसास आपल्या जागीं धरूनही ठेवतात, व एकमेकांवर घासून धक्का थोडाबहुत जिरवितात. तीन कामें एकाच साधनाकडून! त्यांच्या जागीं आजकालची वेटोळी स्प्रिंग घालावी, तर ती फक्त ओझें तोलते. आंसास धरण्यास निराळे दांडे लागतात, व धक्का जिरविण्यास चांगला शॉक-ॲब्सॉर्बर, ज्याला आमचे मिस्त्री ‘शॉकप’ म्हणतात, तो लागतो. हे दांडे ज्या ठिकाणीं जोडावयाचे, तें ठिकाण मूळ कारागिरानें त्या कामासाठीं घडविलेलें नसतें. आणि पन्नास पावसाळे खाल्लेल्या पत्र्यास आंतून गंज लागलेला असला, तर तो जोड ऐन वेळीं दगा देतो. टायरांचाही एक नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. जुन्या पद्धतीच्या तिरप्या धाग्यांच्या टायरांची व आजकालच्या रेडियल टायरांची पकड निराळी असते. पुढें रेडियल व मागें जुने टायर घातले, तर वळणावर गाडीचें पुच्छ बाहेर फेंकलें जाण्याचा धोका असतो. चारी टायर एकाच जातीचे असावे, हा नियम साधा आहे. पण तो पाळला न गेल्यास प्राणावर बेततें.

इतकें वाचून सनातन पक्षाचे लोक म्हणतील कीं, ‘पाहा, आम्ही सांगतच होतों! जुन्यास हात लावूंच नये.’ त्यांसही आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. तुम्ही गाडीस हात न लावला तरी काळ तिला हात लावल्यावांचून राहत नाहीं. आपल्या देशांत इ. स. २००० सालीं शिसेंमिश्रित पेट्रोल बंद झालें. हवा स्वच्छ होण्यास व मुलांच्या आरोग्यास तें फार हितकर झालें, यांत शंका नाहीं. परंतु जुन्या इंजिनांतील झडपांच्या बैठकींस त्या शिशाचें जें संरक्षण मिळत होतें तें गेलें, व अनेकांस तेथें कठीण धातूच्या बैठकी बसवाव्या लागल्या. त्यानंतर पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें धोरण आलें, आणि इ. स. २०२५ सालीं हें प्रमाण २० टक्क्यांवर पोंचलें. ऊस व मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्यांत लाभ आहे. पण जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या व वायसर इथेनॉलानें खराब होतात, हेंही तितकेंच खरें आहे. ज्यानें ‘मूळची नळीच राखीन’ असा हट्ट धरला, त्याची गाडी पेट्रोल गळून पेट घेण्याची भीति आहे. सारांश, कांहींही बदलूं नये हा निश्चय ऐकावयास गोड वाटला, तरी चालत्या गाडीच्या बाबतींत तो पाळतां येत नाहीं. ज्यास तो पाळावयाचा असेल त्यानें गाडी कांचेच्या कपाटांत ठेवावी.

आमच्या कायद्यानेंही या वादांत आपला निर्णय कांहीं अंशीं दिलेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणीपुस्तकाचा मेळ बसणार नाहीं असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. आणि इंजिन बदलणें असल्यास अधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दुसऱ्या बाजूस, इ. स. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या वाहनांकरितां निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हिंटेज’ म्हणून खास नोंदणी मिळते. मात्र त्यांचा सांगाडा, धड व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे जो मनुष्य आजोबांच्या मोटारींत नवें इंजिन घालतो, तो हौसेच्या भरांत तिचा हा मान कायमचा गमावतो, हें त्यानें काम हातीं घेण्यापूर्वींच जाणून असावें. जगांतील जुन्या मोटारींच्या संघांची जी ‘फिव्हा’ नांवाची संस्था आहे, तिनेंही ऐतिहासिक वाहनाची व्याख्या करतांना तें निदान तीस वर्षांचें व मूळ रूपास धरून जतन केलेलें असावें, असाच आग्रह धरलेला आहे.

मग आमचें मत काय? आमच्या भाषेंत ‘जीर्णोद्धार’ हा एक फार सुंदर शब्द आहे. जें जीर्ण झालें त्याचा उद्धार करावयाचा. त्याच्या जागीं दुसरेंच कांहीं उभें करावयाचें नव्हे. विदर्भांत हेमाडपंती धाटणीचीं जुनीं देवळें आहेत. त्यांपैकीं कांहींचा उद्धार खचलेला दगड सांवरून, पाण्यास वाट काढून व पाया पक्का करून झालेला दिसतो. आणि कांहींचा उद्धार कोरीव दगडावर तैलरंग फांसून व चकचकीत फरशा चिकटवून झालेला दिसतो. दोन्हीं ठिकाणीं खर्च झाला, दोन्हीं ठिकाणीं श्रद्धाही होती. पण पहिलें देऊळ वांचलें व दुसरें झांकलें गेलें. मोटारीच्या बाबतींत हाच भेद ओळखावा, असें आमचें म्हणणें आहे.

तो ओळखण्यासाठीं आम्ही चार नियम सुचवितों. पहिला नियम असा कीं, सुधारणेस खालून आरंभ करावा: आधीं टायर, मग ब्रेक, मग पाटे व शॉकप, आणि इंजिन सर्वांच्या शेवटीं. पुष्कळांस असा अनुभव येईल कीं, पहिलीं तीन कामें नीट झालीं म्हणजे चौथ्याची इच्छाच उरत नाहीं. कारण जुनें इंजिन मंद वाटत होतें तें बहुधा गाडीवर विश्वास नव्हता म्हणून. दुसरा नियम असा कीं, जो फेरबदल करावयाचा तो परत फिरवितां येईल असा असावा. भोंक न पाडतां, पत्रा न कापतां, मूळच्या बोल्टांच्या जागींच नवा भाग बसवावा. आणि काढलेला भाग भंगारांत न देतां तेल लावून, नांव लिहून जपून ठेवावा. आज सामान्य वाटणारी वस्तु उद्यां दुर्मिळ होते. ज्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनीं मुंबईचे रस्ते एके काळीं भरून वाहत होते, त्यांतील शेवटच्या नोंदलेल्या टॅक्सीची मुदत ता. २९ ऑक्टोबर २०२३ रोजीं संपली. ज्यांनीं त्यांचे सुटे भाग किलोच्या भावानें विकले, त्यांस तेव्हां ही कल्पना कोठून असणार?

तिसरा नियम: ज्या गाडीसारख्या पुष्कळ गाड्या शिल्लक आहेत तिच्यावर प्रयोग करावा, जी एकुलती एक उरली आहे तिच्यावर करूं नये. हजार प्रतींच्या पुस्तकाच्या समासांत टिपण लिहिलें तर कोणी रागावत नाहीं, पण एकाच प्रतीच्या पोथीवर शाई सांडणें हा अपराध होय. आणि चौथा नियम प्रामाणिकपणाचा. जें बदललें तें कागदोपत्रीं नोंदवावें, परवानगी काढावी, विम्याच्या कंपनीस कळवावें, आणि गाडी विकतांना घेणाऱ्यास उघड सांगावें. दडवून ठेवलेलें नवें इंजिन हें सुधारणा नसून फसवणूक आहे, आणि अपघाताच्या दिवशीं ती फसवणूक मालकाच्याच गळ्याशीं येते.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हें सर्व वाचून ‘आमच्यापाशीं मोटार कोठें आहे?’ असें म्हणून पान उलटूं नये. मोटारसायकलचा मूळचा सायलेन्सर काढून कर्कश नळी बसविणें, गाडी दिसावी म्हणून रुंद टायर घालणें, मागचे शॉकप उंच करणें, हे प्रकार आजूबाजूस दिसतात. ज्या कारागिरानें ती गाडी आंखली त्यानें प्रत्येक स्क्रूचा विचार केलेला असतो. त्यास सुधारण्याचा अधिकार सर्वांस आहे. पण तो अधिकार अभ्यासानें मिळतो, हौसेनें नव्हे. ज्यास खरोखर गोडी असेल, त्यानें सुट्टींत एखाद्या वृद्ध व अनुभवी मिस्त्रीच्या हाताखालीं बसावें. कार्बुरेटर खोलणें, झडपा बसविणें, पाट्यांना वंगण देणें, कान लावून इंजिनाचा रोग ओळखणें, ही विद्या पुस्तकांत थोडी व हातांत फार असते. ते हात थकत चालले आहेत. त्यांची विद्या गेली, तर जुन्या गाड्या राखावयास कोणी उरणार नाहीं, व नव्या भागांनीं सुधारावयासही कोणी उरणार नाहीं. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलाच्या हातांस तेल लागलें म्हणून त्यास रागावूं नये. मात्र त्यानें वेगाची भाषा सुरूं केली, म्हणजे ‘ब्रेकांचें काय केलेंस?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

शेवटीं पुन्हां आमच्या स्टेशनाविषयीं एक मागणें. शकुंतलेचा मार्ग रुंदमापी व्हावा, गाडी पुन्हां सुरूं व्हावी, कारंज्याचा शेतकरी व विद्यार्थी तिच्यांतून स्वस्तांत व लवकर जावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. अडीच फुटांचा मार्ग केवळ आठवणीसाठीं माणसांच्या सोयीआड यावा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु नवा मार्ग घालतांना जुन्याचा थोडा तुकडा, एखादा डबा, स्टेशनाची जुनी पाटी, हीं जागच्या जागीं राखावीं, म्हणजे पुढच्या पिढीस आपल्या आजोबांची गाडी केवढी होती हें हातानें मोजून पाहतां येईल. उपयोगासाठीं नवें घ्यावें, आणि स्मरणासाठीं जुनें जपावें. दोहोंची गल्लत करूं नये. वाहन मोटारीचें असो, रेल्वेचें असो वा बैलांचें असो, हा विवेक ज्या गांवानें संभाळला, त्या गांवास जुन्याचें ओझें होत नाहीं व नव्याची भीतिही वाटत नाहीं.